प्रौढ वयांतील बुद्धिबळ

बीड जिल्ह्यांतील धारूर हें गांव बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलें आहे, आणि गांवाला लागूनच त्याचा जुना किल्ला उभा आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान यानें निजामशाहीस शह देण्यासाठीं तो बळकट केला. अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा त्यावर चालून आला. किल्ला मजबूत होता. तो सहजासहजीं पडावा असें त्यांत कांहींच नव्हतें. परंतु वेढ्याच्या धामधुमींत एक बाण खुद्द किश्वरखानासच लागला. तो ठार झाला आणि त्याच्या पाठोपाठ किल्लाही पडला, असें जुन्या तवारिखा सांगतात.

बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसास ही हकीकत ऐकून नवल वाटणार नाहीं. त्याच्या पटावर ती आठवड्यांतून दोनदां तरी घडत असते. पंचवीस चाली खर्चून त्यानें तट बांधावा, बुरुज राखावे, राजास किल्लेकोट करून सुरक्षित बसवावें आणि सव्विसाव्या चालीस एका घोड्याकडे दुर्लक्ष व्हावें! मग तो तट, ते बुरुज आणि ती सारी मेहनत यांस कांहीं किंमत उरत नाहीं. प्रौढ वयांत हा खेळ सुधारूं इच्छिणाऱ्यानें पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती हीच कीं, त्याचे बहुतेक डाव प्रतिपक्षाच्या अलौकिक बुद्धीमुळें जात नाहींत. ते एका बाणानें जातात.

असें समजूं कीं, याच धारूरच्या पेठेंत एक गृहस्थ राहतात. वय बेचाळीस, नोकरी कचेरींतली, घरीं वृद्ध आई, पत्नी, शाळेंत जाणारीं दोन मुलें. लहानपणीं मामांनीं त्यांना पटावर बसविलें, तेव्हांपासून खेळाची गोडी लागली ती सुटलेली नाहीं. संध्याकाळीं दोन-चार स्नेही जमतात, चहा होतो, डाव होतात. त्या मंडळींत हे गृहस्थ वरचढ मानले जातात. एके वर्षीं ते हौसेनें जिल्ह्याच्या गांवीं एका स्पर्धेस जातात. पहिल्याच डावांत समोर येऊन बसतो तो अकरा वर्षांचा एक मुलगा. पाय जमिनीस नीट टेकत नाहींत असा! बत्तिसाव्या चालीस गृहस्थांचा वजीर जातो. मुलगा हात पुढें करतो आणि अगदीं निरागसपणें विचारतो, “काका, वजीर हलवलात तेव्हां माझा घोडा दिसला नाहीं का तुम्हांला?”

गृहस्थ हंसून म्हणतात, “नाहीं रे बाळ, नाहीं दिसला.” पण परतीच्या एस.टी.मध्यें तें हंसूं टिकत नाहीं. तीस वर्षें खेळून जो घोडा आपणांस दिसला नाहीं, तो आतां बेचाळिसाव्या वर्षीं दिसूं लागेल काय? कीं हा खेळ लहान मुलांचा झाला, आणि आपण आतां कट्ट्यावरच्या डावांतच समाधान मानावें? हा प्रश्न एकट्या धारूरचा नाहीं. पुण्या-मुंबईच्या क्लबांत बसणाऱ्या वकील, शिक्षक, कारकून अशा कितीतरी माणसांच्या मनांत तो आहे. धारूरसारख्या ठिकाणीं तो अधिक टोंचतो इतकेंच. कारण तेथें घराशेजारीं उस्ताद नसतो.

या प्रश्नाचें उत्तर देतांना खोटी आशा दाखवूं नये. फर्नांद गोबे आणि गिएर्मो काम्पितेल्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनीं अर्जेंटिनांतील खेळाडूंच्या अभ्यासाचे तास मोजून २००७ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘मास्टर’च्या पायरीस पोंचावयास कोणास सुमारें ३००० तास पुरले, तर कोणास २३००० हून अधिक लागले. आतां आपल्या गृहस्थांचा हिशेब मांडावा. रोज अर्धा तास म्हटला तर वर्षाचे १८० तास होतात. सर्वांत भाग्यवान माणसाच्या वेगानें गेले तरी त्यांस सोळा-सतरा वर्षें लागतील. आणि दुसऱ्या टोंकाच्या वेगानें गेले तर सव्वाशे वर्षें! शिवाय लहानपणीं गंभीरपणें आरंभ करणारास पुढें लाभ होतो, हेंही त्या अभ्यासांत दिसून आलें. तेव्हां उस्ताद होण्याचें स्वप्न त्यांनीं मुलाबाळांसाठीं राखून ठेवावें हें बरें.

परंतु उस्ताद न होणें आणि न सुधारणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. बाण कोठून येतो हें ओळखावयास सव्वाशे वर्षें लागत नाहींत. आज जो गृहस्थ दर डावांत दोनदां मोहरें फुकट घालवितो, त्यानें वर्षभरानें तें दोन डावांत एकदां घालविलें, तर त्याच्या खेळाचें रूपच पालटेल. प्रौढाची सुधारणा ती हीच; आणि ती आटोक्यांतली आहे.

मोठ्या वयांत खेळ नव्यानें शिकण्याचा प्रसंग आपल्या देशांत यापूर्वींही अनेकांवर आलेला आहे. आपल्या वाडवडिलांचें बुद्धिबळ आजच्यासारखें नव्हतें. देशी रीतींत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर जाई, दोन घरें नव्हे. किल्लेकोट नसे, राजास त्याऐवजीं एकदां घोड्याप्रमाणें उडी मारण्याची मुभा असे. शेवटच्या घरास पोंचलेलें प्यादें ज्या घरीं पोंचलें त्या घरचें मोहरें होई. एकटा राजा उरला म्हणजे बुर्जी मानण्याचा प्रघातही पुष्कळांच्या स्मरणांत असेल. पुढें १९५१ सालीं अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्यें आंध्रांतील एलुरू येथें पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे तींत संयुक्त विजेते ठरले. आंतरराष्ट्रीय नियम याप्रमाणें देशभर रूढ होत गेले, तेव्हां देशी रीतींत मुरलेल्या कित्येक प्रौढांस हातांतली संवय मोडून दुसरी लावून घ्यावी लागली.

त्याच्याही शंभर वर्षें आधीं कलकत्त्यास असाच एक प्रसंग घडला होता. महेशचंद्र बॅनर्जी नांवाचे एक ब्राह्मण गृहस्थ बंगालच्या ग्रामीण भागांत अजिंक्य म्हणून प्रसिद्ध होते. १८४८ च्या सुमारास त्यांची गांठ जॉन कॉक्रेन या बॅरिस्टराशीं पडली. कॉक्रेन हा त्या काळच्या नामांकित खेळाडूंपैकीं एक. दोघांनीं पुढें वर्षानुवर्षें मिळून शेंकडों डाव खेळले. महेशचंद्र त्यांतील पुष्कळ हरले, तरी ते पटावर येऊन बसत राहिले. प्यादीं सावकाश पुढें सरकविण्याची आणि उंटास कोपऱ्याकडील घरीं बसविण्याची त्यांची देशी धाटणी त्या डावांच्या नोंदींत टिकून राहिली, आणि आज जगभर जी ‘इंडियन’ पद्धतीची सुरुवात म्हणतात तिच्या नांवाचा संबंध त्यांच्याशीं जोडला जातो. पंजाबचा सुलतान खान यानें तर युरोपीय नियम विशी उलटल्यावर शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ अशा तीन वर्षीं ब्रिटनचें अजिंक्यपद मिळविलें. हीं माणसें असामान्य होतीं आणि लहानपणापासून पटावर वाढलेलीं होतीं. धारूरच्या गृहस्थांची त्यांच्याशीं बरोबरी करणें योग्य नव्हे. परंतु जुनी संवय मोडून नवी लावणें मोठ्या वयांत अशक्य नाहीं, एवढें तरी त्यांच्या उदाहरणांवरून सिद्ध होतें.

मग लावून घ्यावयाची ती संवय कोणती? येथें एक रूढ समजूत दूर केली पाहिजे. मोठा खेळाडू दहा-दहा चाली पुढचें पाहतो म्हणून जिंकतो, असें सामान्यतः मानलें जातें. आद्रियान द ग्रोट या डच मानसशास्त्रज्ञानें नामांकित उस्ताद आणि साधे क्लबांतील खेळाडू यांच्यासमोर तेच डाव मांडले, आणि त्यांना मोठ्यानें बोलत विचार करावयास सांगितलें. त्याचा ग्रंथ १९४६ सालीं निघाला. त्यास असें आढळलें कीं, उस्ताद फार अधिक खोल पाहतात असें नाहीं. पण पाहण्याजोगी चाल कोणती, हें त्यांना पट पाहतांच उमगतें. हौशी माणूस जेथें दहा निरुपयोगी वाटा धुंडीत बसतो, तेथें उस्ताद दोनच वाटा पाहतो आणि त्या बहुधा योग्य असतात.

असें कां होतें याचा उलगडा विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनीं १९७३ सालीं केला. एक उस्ताद, एक चांगला हौशी आणि एक नवशिका अशा तिघांना खऱ्या डावांतील मांडणी पांच सेकंद दाखवून मग ती आठवणीनें लावावयास सांगण्यांत आली. उस्तादानें सुमारें सोळा मोहरीं जागच्या जागीं बसविलीं, हौशानें आठ आणि नवशिक्यानें चार. नंतर तींच मोहरीं पटावर वाटेल तशीं विखरून दाखविलीं, तेव्हां मात्र तिघेही जवळजवळ सारखेच ठरले! म्हणजे उस्तादाची स्मरणशक्ति कांहीं दैवी नव्हती. नेहमींच्या रस्त्यानें जाणाऱ्या माणसास जशीं घरें आणि माणसें ओळखीचीं होतात, तशा त्याला मोहऱ्यांच्या जोड्या आणि जुळण्या ओळखीच्या झाल्या होत्या, इतकेंच.

यांतून प्रौढ खेळाडूस फार मोलाचा बोध मिळतो. त्यानें डोक्यास ताण देऊन लांबचें पाहण्याचा हट्ट धरूं नये. जवळचें ओळखावयास शिकावें. घोडा एकाच वेळीं राजा आणि हत्ती यांवर मारा करतो ती जागा. राजाच्या समोर अर्दबींत सांपडलेलें आणि म्हणून हलूं न शकणारें मोहरें. किल्लेकोट केलेल्या राजापुढें तीन प्यादीं तशींच उभीं असतां मागच्या ओळींत शिरून मात करणारा हत्ती. ज्यास कोणाचाच जोर नाहीं असें एकाकी उभें राहिलेलें मोहरें. अशा मूळ जुळण्या मोजक्याच आहेत. प्रत्येकीचे दहा-वीस नमुने, असे सर्व मिळून दोन-तीनशें डाव एका वहींत वा पुस्तकांत जमवावे. ते एकदां सोडवून पुस्तक कपाटांत ठेवूं नये. महिन्यानें पुन्हां सोडवावे, तीन महिन्यांनीं पुन्हां. पहिल्या वेळीं ज्यास पांच मिनिटें लागलीं, तो तिसऱ्या वेळीं पाहतांच सुटला पाहिजे. नवे कठीण डाव हजार सोडविण्यापेक्षां सोपे तीनशें डाव ओळखीचे होणें अधिक उपयोगी. कारण प्रत्यक्ष खेळांत हरवितो तो सोपाच डाव, जो वेळेवर ओळखूं आला नाहीं.

ही रीत परदेशांतून आणावयास नको. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या इच्छेवरून तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनीं ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ रचला. त्यावरून केलेलें इंग्रजी पुस्तक १८१४ सालीं मुंबईस छापलें गेलें. त्याचा मुख्य भाग म्हणजे सोडविण्यासाठीं मांडलेले डावच होत. पेशवे कांहीं व्यवसायानें खेळाडू नव्हते. ते एक हौशी प्रौढच होते. अशा माणसापुढें शास्त्रीबुवांनीं नियमांची जंत्री न ठेवतां मांडलेले डाव ठेवले, यांत शिकविण्याची जाण दिसते.

परंतु पुस्तकांतील डावाहून अधिक शिकविणारें एक पुस्तक प्रत्येकाजवळ असतें, आणि तें उघडावयास कोणी राजी नसतो. तें म्हणजे आपल्या हरलेल्या डावांची वही. स्पर्धेंत प्रत्येक चाल लिहावीच लागते. ती कागदाची घडी पुष्कळजण खिशांत घालतात आणि ती तेथेंच विरून जाते. धारूरच्या गृहस्थांनीं तो कागद घरीं आणून रविवारीं सकाळीं पट मांडावा. डाव पहिल्यापासून पुन्हां खेळावा आणि जेथें प्रथम कांहींतरी बिघडलें असें वाटेल तेथें थांबावें. त्या वेळीं आपल्या मनांत काय होतें, हें एका ओळींत लिहावें. ‘प्रतिपक्षाची चाल कशासाठीं होती हें पाहिलें नाहीं.’ ‘मारलें कीं परत मारील असें धरून चाललों, त्यानें मधेंच शह दिला.’ ‘वेळ उरला होता, तरी घाई केली.’ ‘जिंकलोंच आहों असें वाटलें.’ अशा पंचवीस ओळी जमल्या म्हणजे त्या परत वाचाव्या. कारणें पंचवीस नसून तीन किंवा चारच आहेत, असें बहुधा आढळून येईल. आणि त्यांतलें एक आपल्या स्वभावांतच आहे, हेंही ध्यानांत येईल.

आज खिशांतल्या टेलिफोनमध्यें जगज्जेत्याहून बलवान असें बुद्धिबळाचें यंत्र असतें. १९९७ सालीं ‘डीप ब्लू’ या यंत्रानें गॅरी कास्पारॉव्ह यास एका लढतींत हरविलें, त्या गोष्टीस आतां बराच काळ लोटला. हें यंत्र चूक कोठें झाली तें क्षणांत दाखवितें. परंतु चूक कां झाली, हें त्याला ठाऊक नसतें. तें फक्त खेळणाऱ्यालाच ठाऊक असतें. म्हणून आधीं स्वतः शोधावें, लिहावें, आणि त्यानंतरच यंत्रास विचारावें. यंत्रास आधीं विचारणारा विद्यार्थी गणिताच्या पुस्तकामागचीं उत्तरें उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यासारखा असतो. उत्तर बरोबर येतें. गणित येत नाहीं.

या वहीचा परिणाम प्रत्यक्ष पटावर दिसावयाचा तर एक लहानसा नेम पाळावा लागतो. समोरच्यानें चाल केली कीं हात मांडीवर ठेवावे आणि मनाशीं विचारावें: हिनें काय बदललें? आतां त्याचा शह कोठून येतो, तो कोणतें मोहरें मारूं शकतो, आणि पुढच्या चालीस काय करण्याची धमकी देतो? मग स्वतःची चाल ठरवावी. आणि ती करण्यापूर्वीं पुन्हां एकदां, जणुं आपण नुकतेच खोलींत आलों आहों अशा नजरेनें, साऱ्या पटाकडे पाहावें. हात लावलेलें मोहरें हलविलेंच पाहिजे, असा नियम आहे; म्हणून विचार हाताच्या आधीं झाला पाहिजे. ऐकावयास हें अगदीं सोपें वाटतें. पण सलग चाळीस चाली हा नेम पाळणारा हौशी माणूस विरळा, आणि जो पाळतो तो पूर्वीं ज्यांच्याशीं हरत असे त्यांच्याशीं बरोबरी करूं लागतो.

दुसरा अभ्यास डावाच्या शेवटाचा. होसे राऊल कापाब्लांका या जगज्जेत्यानें १९२१ सालीं लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचा आरंभ साध्या मातांपासून केला आहे, सुरुवातीच्या चालींपासून नव्हे. कारण उघड आहे. पटावर मोहरीं थोडीं असतांना प्रत्येकाची शक्ति स्पष्ट दिसते. एका प्याद्याचेंच उदाहरण घ्यावें. दोन्ही राजे आणि एक प्यादें एवढेंच उरलें आहे. प्याद्याचा राजा त्याच्या पुढें सहाव्या ओळींत पोंचला आणि प्यादें त्याच्या मागें पांचवींत असलें, तर चाल कोणाचीही असो, डाव जिंकलेला आहे; मात्र तें प्यादें पटाच्या अगदीं कडेचें नसावें. उलट प्यादें पुढें धांवलें आणि राजा मागें राहिला, तर डाव बहुधा बरोबरींत सुटतो. म्हणजे राजानें प्याद्यास वाट मोकळी करून द्यावयाची. प्याद्यानें राजास ओढीत न्यावयाचें नाहीं. दोन राजे समोरासमोर, मध्यें एकच घर सोडून उभे राहिले म्हणजे ज्याच्यावर चाल येते त्यास बाजूस सरावें लागतें. हें एवढें ज्यास पक्कें ठाऊक आहे, त्याला आधींच्या गर्दींत कोणतें मोहरें बदलावें आणि कोणतें राखावें याचा निर्णय करितां येतो. हें ज्ञान एकदां आलें कीं जुनें होत नाहीं. म्हणून मोजका वेळ असलेल्या प्रौढानें तो येथें खर्चावा.

याच्या अगदीं उलट स्थिति डावाच्या सुरुवातीची आहे. नव्या नव्या सुरुवातींचीं पुस्तकें घेऊन पंधरा-पंधरा चाली पाठ करणें हा हौशी प्रौढांचा आवडता उद्योग आहे. त्यांत अभ्यास केल्याचें समाधान मिळतें आणि आपल्या चुका पाहण्याचें दुःख होत नाहीं! पण क्लबांतला प्रतिपक्षी पांचव्या चालीसच पुस्तक सोडून जातो आणि पाठांतर तेथेंच संपतें. सुलतान खान याला इंग्रजी पुस्तकें वाचतां येत नसत. सुरुवातींच्या ज्ञानांत तो युरोपीय उस्तादांहून मागेंच होता. तरीही १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेंत त्यानें खुद्द कापाब्लांकास हरविलें, तें डावाच्या पुढील भागांतील समजुतीच्या बळावर. हौशी माणसानें पांढऱ्या मोहऱ्यांनीं एक आणि काळ्या मोहऱ्यांनीं दोन अशा सुरुवाती पत्कराव्या, मध्याच्या घरांवर प्यादीं आणावीं, घोडे-उंट बाहेर काढावे, राजास किल्लेकोट करावा आणि पुढें वर्षभर सुरुवाती बदलूं नयेत.

वेळाचीही गोष्ट आहे. रविवारीं सहा तास बसून आठवडाभर पट न पाहणें, यापेक्षां रोजचा अर्धा तास अधिक फळ देतो. त्यांत वीस मिनिटें ओळखीचे डाव आणि दहा मिनिटें शेवटाचा अभ्यास एवढें पुरे. टेलिफोनवर तीन-तीन मिनिटांचे झटपट डाव रात्रीं बारापर्यंत खेळत बसणें ही करमणूक खरी. पण तींत नवें कांहीं लागत नाहीं, असलेली घाईची संवयच पक्की होते. नील चार्नेस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं केलेल्या पाहणींत, खेळाडूची पायरी सर्वांत अधिक कशावरून ठरते याचा शोध घेतला होता. एकांतांत बसून केलेला गंभीर अभ्यास हेंच त्याचें उत्तर आलें. नुसत्या खेळलेल्या डावांची संख्या त्याच्या मागें राहिली. धारूरच्या गृहस्थांस यांत दिलासा आहे. शहरांतल्या माणसाच्या वांट्यास क्लब अधिक येतो. एकांत मात्र धारूरलाही मिळतो.

तरीपण सोबतीवांचून हा खेळ पुरा होत नाहीं. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं नूतन बुद्धिबळ मंडळ नांवारूपास आणलें आणि एका मध्यम आकाराच्या गांवांतून भाग्यश्री साठे, स्वाती घाटे यांसारख्या खेळाडू देशाच्या अग्रभागीं आल्या. हें काम मोठ्या इमारतीनें किंवा मोठ्या देणगीनें झालें नाहीं. एका प्रौढ माणसाच्या निष्ठेनें झालें. गांवांतल्या कट्ट्यावरचे चार स्नेही डाव संपल्यावर लगेच दुसरा मांडण्याऐवजीं, ‘येथें तुमच्या मनांत काय होतें?’ असें एकमेकांस विचारूं लागले, तर त्यांचा तो कट्टाच एक लहानसें मंडळ होईल.

आतां उरला तो मुलाकडून हरण्याचा सल. महाराष्ट्रांतील मुलें आज या खेळांत कोठें पोंचलीं आहेत, हें ध्यानीं घेतलें तर त्या सलाचें कारण उरत नाहीं. नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख हीं दोघेंही २०२४ सालीं बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत होतीं. २०२५ च्या जुलै महिन्यांत बाटुमी येथें दिव्यानें महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हां तिचें वय एकोणीस होतें. आणि अंतिम फेरींत तिच्यासमोर बसलेल्या कोनेरू हम्पी अडतीस वर्षांच्या होत्या. त्याआधीं सातच महिन्यांपूर्वीं हम्पी यांनीं जलद बुद्धिबळाचें जागतिक विजेतेपद दुसऱ्यांदा मिळविलें होतें. एकोणीस आणि अडतीस या दोन वयांमध्यें पटावर चौसष्ट घरांपलीकडे दुसरें अंतर नसतें. हा खेळ वय विचारीत नाहीं, हुद्दा विचारीत नाहीं. तो फक्त चाल विचारतो. कचेरींत ज्याच्या चुकीवर कोणी बोट ठेवीत नाहीं, घरांत ज्याचा शब्द शेवटचा असतो, त्या माणसास पटावर अकरा वर्षांचा मुलगा त्याची चूक दाखवितो, आणि ती मान्य करावीच लागते. मुलें लवकर सुधारतात याचें एक कारण त्यांची ताजी बुद्धि आणि मोकळा वेळ हें आहेच. दुसरें असें कीं, हरण्यांत त्यांस आपली प्रतिष्ठा गेल्यासारखी वाटत नाहीं. पहिलें कारण प्रौढाच्या हातीं नाहीं. दुसरें पूर्णपणें त्याच्या हातीं आहे.

उलट प्रौढापाशीं असें कांहीं आहे जें मुलापाशीं नसतें. त्याला आपला स्वभाव ठाऊक असतो. आपण कोठें उतावीळ होतों, कोठें भितों, कोठें फुगतों, हें तो शब्दांत मांडूं शकतो. पंचवीस हरलेल्या डावांची ती वही लिहिणें मुलास जमणार नाहीं, प्रौढास जमेल. आणि ती वही प्रामाणिकपणें लिहिली तर तिचा उपयोग पटापुरताच राहील असेंही नाहीं.

किश्वरखानास दुसरी संधि मिळाली नाहीं. खऱ्या किल्ल्यांत एकदां लागलेला बाण परत भात्यांत जात नाहीं. परंतु पटावरचा किल्ला हा एवढ्या बाबतींत दयाळू आहे. तो पडला तरी पुन्हां उभा करितां येतो. बाण कोठून आला तें निवांतपणें पाहतां येतें. ज्यानें बाण सोडला त्यालाच जवळ बसवून विचारतां येतें. पुढच्या वर्षीं धारूरचे ते गृहस्थ पुन्हां जिल्ह्याच्या गांवीं जातील. कदाचित् तोच मुलगा, आतां बारा वर्षांचा, समोर येऊन बसेल, आणि कदाचित् तोच जिंकेल. तसें झालें तर गृहस्थांनीं त्याच्याशीं हस्तांदोलन करावें, चष्मा पुसावा आणि म्हणावें, “बाळ, तुला घाई नसली तर आपण हा डाव पहिल्यापासून पुन्हां मांडूं या का?”